टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

१९५५ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीए ही दोघांपुरती उघडी स्पोर्ट्‌स कार बाहेर पडली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन १९५९ पासून आपल्या ॲम्बॅसिडरला बसू लागलं. ट्रायम्फचंही तसंच. १९६१ पासून मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे मूळची ट्रायम्फ हेरल्ड, आणि तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर काढली. म्हणजे कुडाळ-कणकवलीच्या ज्या मेस्त्रीनं उमेदीची वर्षं ॲम्बॅसिडर उघडण्यात घालवली, त्याच्यापुढे उद्या एमजी आणून उभी केली, तरी त्याचा हात फारसा अडखळणार नाही. नटांचे आटे इंचातले, पाने इंचातले, कार्बोरेटर ओळखीचा. ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार सिंधुदुर्गात क्वचितच दिसते, पण तिचं नातेवाईक मंडळ इथल्या रस्त्यांवर चाळीस वर्षं धावलं आहे.

अशी एखादी जुनी गाडी पुन्हा चालती करायला घेतली की लोक आधी रंगाकडे पाहतात, मग सीटच्या कापडाकडे, मग इंजिनाकडे. पेट्रोलची नळी सगळ्यात शेवटी, बहुतेकदा पेट्रोलचा वास यायला लागल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ताजं पेट्रोल ओतण्याआधी, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक इंच हाताखालून गेला पाहिजे. इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते. नळी फुटली तर गाडी जळते. आणि मालवणसारख्या किनाऱ्यावर नळीला एकाच वेळी तीन शत्रू असतात: बाहेरून खारं वारं, आतून इथेनॉल आणि खालून सायलेन्सरची उष्णता.

आधी पेट्रोलचा प्रवास पाहू. टाकी मागे, डिकीत किंवा डिकीखाली. तिथून धातूची नळी गाडीच्या पोटाखालून, चासीच्या कडेनं पुढे येते. हेरल्ड, स्पिटफायर अशा गाड्यांत इंजिनाच्या कुशीत बसवलेला यांत्रिक पंप असतो. कॅमशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची दांडी हलते, आतला पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. आपल्याकडच्या गॅरेजांत याला सरसकट ‘एसी पंप’ म्हणतात. एमजीमध्ये मात्र एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप मागच्या चाकांच्या आसपास बसवलेला असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो. पुढे बॉनेटखाली रबरी नळीचा छोटा तुकडा, कधी मध्ये फिल्टर, आणि मग कार्बोरेटर. एकूण मार्ग तीन-साडेतीन मीटरचा. त्यात धातू जास्त आणि रबर थोडं, पण बहुतेक घोटाळे रबराच्या त्या थोड्या तुकड्यांत आणि धातू जिथे क्लिपखाली दबलेला असतो तिथेच होतात.

क्लिपखालची गोष्ट आधी सांगतो, कारण ती खास किनाऱ्याची आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि गाडीच्या पोटाखाली बसतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. मालवणची हवा इतकी कोरडी कधी होते? भर मे महिन्यात अंगण तापलेलं असतं, धूळ उडत असते, तरी चासीवर बसलेला तो खारट थर आतून ओलाच असतो. त्यावर पावसाळ्यात जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याची लाल माती चासीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत थापली जाते. ती माती पाणी आणि मीठ दोन्ही धरून ठेवते. पोलादी नळी उघड्यावर जिथे आहे तिथे तिला निदान वारा तरी लागतो. चासीला जखडणाऱ्या क्लिपखाली मात्र ओल अडकते, प्राणवायू कमी पोचतो आणि नेमकी तिथे गंजाची क्रिया जोर धरते.

हे एकदा जवळून पाहिलं की विसरता येत नाही. नळी वरून काळी, तेलकट, जुनी पण धडधाकट दिसते. क्लिपचा स्क्रू सोडवून क्लिप बाजूला केली की खालून तपकिरी पापुद्रे निघतात. नखानं खरवडलं तर पापुद्र्यांखाली नळीचा घेर चक्क कमी झालेला दिसतो, बोटाला खड्डे लागतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं तर कधी कधी ते आरपार जातं. इतके दिवस गंजाचा पापुद्राच बूच होऊन बसलेला असतो, आणि तो निघाला की गळती सुरू होते. इथले मेस्त्री याबद्दल एक वाक्य बोलतात, “पायप वरसून बरो दिसता, आतसून गेलोहा.” म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीत नळीची पाहणी म्हणजे प्रत्येक क्लिप सोडवून केलेली पाहणी. खाली वाकून टॉर्च मारणं पुरेसं नाही.

आता रबर. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या ज्या पेट्रोलसाठी बनल्या, ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशानं दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं ई-ट्वेंटी पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोचलं. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याचा या धोरणात मोठा वाटा आहे आणि ऊस पिकवणाऱ्याला त्याचा आधारही आहे. त्या धोरणाशी मला वाद घालायचा नाही. पण १९६० च्या दशकातल्या गाडीच्या मालकाला हे ठाऊक असलंच पाहिजे, की त्याच्या टाकीत आता पाचवा हिस्सा अल्कोहोल आहे.

अल्कोहोल जुन्या रबरात शिरतं. नळी फुगते, मऊ पडते, आणि गाडी उभी राहून ते उडून गेलं की आकसते, तडकते. रबर लवचिक राहावं म्हणून त्यात घातलेली तेलं इथेनॉल धुऊन नेतं. शिवाय टाकीच्या आणि नळीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेला चिकट थरही तेच सोडवतं आणि पुढे ढकलतं. जुनी नळी उभी चिरून पाहा. बाहेरचं आवरण ठीक असतं, त्यातला दोरा ठीक असतो, पण आतल्या अस्तरावर बोट फिरवलं की बोट काळं होतं. तीच काजळी कार्बोरेटरच्या वाटीत बसते आणि जेटचं केसाएवढं भोक बंद करते. मग मालक कार्बोरेटर साफ करून घेतो, पंधरवड्यानं पुन्हा तेच, आणि दोष कार्बोरेटरला लागतो.

नवी नळी घेताना तिच्यावर छापलेली अक्षरं वाचावीत. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३० मानकात नळ्यांचे वर्ग आहेत. आर-६ आणि आर-७ हे कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीचे जुने, कमी दाबाचे वर्ग. आर-९ ही इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनलेली नळी. तिच्या आतल्या बाजूला फ्लुओरोइलॅस्टोमरचं अस्तर असतं. व्हायटन हे त्याचंच एक परिचित व्यापारी नाव. इथेनॉलपुढे हे अस्तर टिकतं. आपल्या गाडीत दाब अगदी थोडा असला तरी घ्यावी ती आर-९ च, कारण इथे प्रश्न दाबाचा नाही, अस्तराचा आहे. किंमत जास्त पडते, पण लागते ती एखादा मीटर.

काही गोष्टी मात्र कधीच वापरू नयेत. मोटरसायकलवाल्यांच्या आवडीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी पेट्रोलमध्ये काही महिन्यांत पिवळी आणि काचेसारखी कडक होते, मग कंपनानं तडकते. घरच्या गॅसची केशरी नळी दिसायला मजबूत, पण ती वायूसाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही. आणि चकचकीत स्टीलच्या जाळीत गुंडाळलेली नळी दिसायला झोकदार असली तरी जाळीखालचं रबर कुजलंय की नाही हे कळायला मार्ग नसतो. आतलं अस्तर कसलं आहे याची खात्री असेल तरच ती घ्यावी.

मापाचंही पाहावं लागतं. ब्रिटिश गाड्यांच्या नळ्या इंचात असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९ मिलिमीटर. दुसऱ्या मापावर बाजारातली ८ मिलिमीटरची रबरी नळी व्यवस्थित बसते. पाव इंचाच्या पाइपवर तीच ८ ची नळी चढवून क्लिप करकचून आवळणारे लोक आहेत. रबराला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून पेट्रोल पाझरत राहतं. पाइपचं टोक सरळसोट नसावं, त्याला किंचित फुगवटा हवा, म्हणजे रबर त्यामागे अडकतं आणि ओढ बसली तरी सुटत नाही. क्लिपही साधी, पट्टीत चिरा असलेली नको. त्या चिरांच्या कडा रबर कापतात. अखंड पट्टीची, कडा बाहेर वळवलेली क्लिप मिळते. इंजेक्शनच्या गाड्यांना हीच वापरतात.

धातूच्या नळीसाठी तीन पर्याय पुढे येतात, आणि इथे किनाऱ्याचं उत्तर मुंबई-पुण्यापेक्षा वेगळं निघतं. पोलादी नळी मूळची, स्वस्त, ताठ, पण मालवणच्या हवेत तिचं आयुष्य पाहिलंच. तांब्याची नळी हातानं वाकते, फ्रिजवाल्याकडे सहज मिळते, म्हणून लोक तीच टाकतात. तिचा दोष असा, की तांबं कंपनानं कडक होत जातं आणि जिथे आधार नाही तिथे एक दिवस आडवी चीर पडते. स्टेनलेस स्टील ऐकायला सर्वांत चांगलं वाटतं. पण ते वाकवायला आणि त्याचं तोंड फुलवायला अवघड, जोडांत घट्ट बसायला नाखूश, आणि त्याचा साधा ३०४ दर्जा क्लोराइडपुढे हार खातो. क्लिपखाली अडकलेल्या खारट ओलीत त्याला बारीक खोल खड्डे पडतात.

राहतं ते कुनिफर: सुमारे नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल आणि थोडं लोखंड-मँगनीज असलेला मिश्रधातू. जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या याच मिश्रधातूच्या असतात. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पांतही तो वापरतात. व्हॉल्वो कंपनीनं १९७६ पासून आपल्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्यांना तो घेतला, कारण उत्तरेकडच्या देशांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पोलादी नळ्या खाऊन टाकतं. जे मीठ तिथे हिवाळ्यात रस्त्यावर पडतं, ते आपल्याकडे बाराही महिने हवेतून येतं. कुनिफर तांब्याइतका सहज नाही, पण पोलादापेक्षा पुष्कळ सहज वाकतो, तोंड छान फुलतं आणि कंपन तांब्यापेक्षा चांगलं सोसतो. ब्रेकचं काम करणाऱ्या मोठ्या शहरांतल्या दुकानांत तो मिळतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांब्याच्या संगतीत उभ्या पेट्रोलला लवकर डिंक धरतो आणि कुनिफरमध्येही तांबं आहेच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर नळीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

नळी कापायची ती नळी-कटरनं, हॅकसॉनं नव्हे. हॅकसॉचा कीस नळीत राहतो आणि नेमका कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणाऱ्या निडल व्हॉल्व्हखाली जाऊन बसतो. कापल्यावर आतली कड घासून गुळगुळीत करावी, मग नट आधी ओवून घ्यावा, आणि त्यानंतर तोंड फुलवावं. नट ओवायला विसरून तोंड फुलवलं की पुन्हा कापावं लागतं, आणि जुन्या गाडीसाठी मोजून आणलेल्या नळीत तेवढा एक इंच जास्तीचा क्वचितच असतो. जुनी नळी काढताना ती मोडून फेकू नये. तिची वळणं म्हणजे कारखान्याचा नकाशाच. जमिनीवर ती ठेवून, शेजारी जाड तार त्याच आकारात वाकवून आधी बेतावी, मग नवी नळी तिच्याबरहुकूम वळवावी.

जोडांना पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची सवय आपल्याकडे नळकामातून आलेली आहे. पेट्रोलच्या नळीत ती नको. तिचे धागे सुटून निडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात, व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि कार्बोरेटर ओसंडून पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. बी-सिरीज इंजिनात तर कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, एक वर आणि दुसरा खाली. हे ध्यानात घेतलं की एवढ्याशा धाग्याचं गांभीर्य कळतं. अशा जोडांचा घट्टपणा फुलवलेल्या तोंडावर आणि नव्या वॉशरवर अवलंबून असतो. फायबरचे वॉशर दर वेळी नवे घालावेत.

आता मार्गाकडे येऊ. या कामाचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात रोचक आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

जुन्या चालकांना आंबोली, फोंडा किंवा करूळ घाट चढताना गाडी अचानक श्वास टाकून बंद पडायची ते आठवत असेल. दुपारचं ऊन, पुढे लादलेला ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढणारी ॲम्बॅसिडर किंवा फियाट. टाकीत पेट्रोल, बॅटरी ठणठणीत, तरी इंजिन घेत नाही. चालक उतरायचा, कडेच्या झऱ्यावर फडकं भिजवायचा आणि एसी पंपावर टाकायचा. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू. त्या फडक्यामागे शास्त्र होतं. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे आणि त्यातले सर्वांत हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात. बॉनेटखाली तर याहून कितीतरी जास्त तापमान असतं. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पंप ती वाफच दाबत बसतो. द्रव पुढे सरकत नाही. यालाच वाफेची कोंडी म्हणतात.

इथे पंपाच्या जागेचा संबंध येतो. इंजिनावरचा पंप मागून पेट्रोल ओढतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या संपूर्ण नळीत दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. मागे बसवलेला एसयू पंप पेट्रोल ढकलतो, नळीत दाब राहतो, उकळण्याची भीती कमी होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. तिथे हवेचा दाबच मालवणपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी असतो. आणि त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. थोड्या प्रमाणात मिसळलेलं इथेनॉल मूळ पेट्रोलचा बाष्पदाब वाढवतं. म्हणजे वडिलांच्या काळात घाटात निमूट चढणारी गाडी आज त्याच घाटात रुसली, तर इंजिन म्हातारं झालं असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी नळी कुठून जाते ते पाहावं.

नळी सायलेन्सरच्या पाइपपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यावी. मूळ मार्गात दोघे जवळ येत असतील, तर मध्ये पत्र्याचा आडपडदा लावावा. पडदा आणि नळी यांच्यात हवा खेळायला बोटभर फट ठेवावी, कारण नळीला चिकटलेला पत्रा स्वतःच तापून तिला शेकतो. एक्झॉस्टच्या गुंडाळ्याची सुरकुतलेली चंदेरी पट्टी नळीवर लपेटणं मला पटत नाही. किनाऱ्यावर तिच्याखाली ओल साठते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. हेरल्ड-स्पिटफायरमध्ये पंप इंजिनाच्या एका अंगाला आणि कार्बोरेटर दुसऱ्या अंगाला असतो. त्यामुळे नळी इंजिनाला पुढून वळसा घालते. ती आळसानं वरून, इंजिनाच्या डोक्यावरून आडवी टाकणारे असतात. तो रस्ता जवळचा, पण सगळी वर चढणारी गरम हवा नेमकी तिथेच असते. कारखान्यानं दिलेला लांबचा वळसाच बरोबर.

चासीखाली नळी कडेच्या आतल्या अंगानं न्यावी, खालच्या पातळीवर लोंबू देऊ नये. आपल्या आडरस्त्यांना दगड उडतो, चिरेखाणीच्या वाटेला तर गाडीचं पोट घासतं. जॅक कुठे लागतो ते आधी पाहून ठेवावं. रस्त्यात पंक्चर काढणारा माणूस घाईत जॅक नेमका नळीवर टेकवतो आणि नळी चेपते. फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल, वरखाली होणारा मागचा अॅक्सल यांच्यापासून अंतर राखावं. पत्र्याच्या भोकातून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. बॅटरीची जाड वायर आणि पेट्रोलची नळी एकत्र एका क्लिपमध्ये बांधलेली मी पाहिली आहे. वायरचं आवरण घासलं गेलं की ठिणगी आणि इंधन एकाच ठिकाणी आले. दोघांचे रस्ते वेगळे असावेत, शक्य तर गाडीच्या दोन बाजूंनी.

दर फूटभर अंतरावर रबराचं अस्तर असलेली क्लिप लावावी, आणि ती घट्ट करण्याआधी चासी घासून रंगवून घ्यावी. रबर आणि नळी यांच्यात वंगणाचा पातळ लेप दिला तर तिथे मीठ शिरायला जागा उरत नाही. चासी स्थिर असते आणि इंजिन रबरी पायांवर हलतं, म्हणून चासीवरून इंजिनावर जाताना मधला तुकडा लवचिकच हवा आणि त्याला थोडी ढील हवी. तो ताणून बसवला तर इंजिन सुरू-बंद होतानाच्या प्रत्येक हिसक्यानं सुटत जातो. फार ढील दिली तर पंख्याच्या पट्ट्यापर्यंत पोचतो. बसवून झाल्यावर इंजिन हातानं हलवून पाहिलं म्हणजे अंदाज येतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात. मागे विजेचा पंप असेल तर फिल्टर पंपाच्या आधी. इंजिनावर पंप असेल तर पंप आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये, पण एक्झॉस्टच्या वर लोंबता नको. काचेचे फिल्टर बॉनेटखाली लावू नयेत. फिल्टरवरचा बाण पेट्रोलच्या प्रवाहाच्या दिशेनं असावा. टाकी आतून गंजलेली असेल तर पहिल्या महिन्यात दोन-तीन फिल्टर भरतील, ते बदलत राहावं. पंप जुना, मूळचा असेल तर पडदा इथेनॉल सोसणारा घालून घ्यावा. तो विकत मिळतो. मात्र नव्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप कधीही बसवू नये. या कार्बोरेटरना तीन-साडेतीन पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनचा पंप चाळीसच्या आसपास देतो आणि निडल व्हॉल्व्ह त्यापुढे टिकत नाही.

एसयू पंपाचा एक गुण मला फार आवडतो: तो बोलतो. चावी फिरवली की मागून टकटक सुरू होते, कार्बोरेटरची वाटी भरली की थांबते. इंजिन बंद ठेवून चावी तशीच चालू ठेवली आणि अर्ध्या-पाऊण मिनिटानं एखादीच टक आली, तर सगळं ठीक आहे. टकटक थांबतच नसेल, तर कुठेतरी गळतंय, टाकी रिकामी आहे किंवा ओढणाऱ्या बाजूनं हवा शिरते आहे. ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते. पेट्रोल बाहेर येत नाही, थेंब दिसत नाही, फक्त हवा आत जाते. मालवणचे होडीवाले हे चांगलं जाणतात. होडीच्या बाहेर लावलेल्या इंजिनाला टाकीकडून येणाऱ्या नळीवर जो रबरी फुगा असतो, तो दाबून दाबून कडक झाला नाही तर ते नळीचे जोड आधी चाचपतात.

होडीवाल्यांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. समुद्रातून आलं की ते बाहेरचं इंजिन गोड्या पाण्यानं धुतात, आतून आणि बाहेरून. तारकर्ली-देवबागच्या घरात जुनी गाडी ठेवणाऱ्यानं तिच्या पोटाखाली पाइपानं गोडं पाणी मारायची सवय लावली, विशेषतः वाळूवरून फिरून आल्यावर, तर नळ्या, ब्रेक आणि चासी तिन्हींचं आयुष्य वाढतं. धुतल्यावर गाडी वाऱ्याला उभी करावी. ओल्या गाडीवर ताडपत्री घट्ट ओढून ठेवणं सर्वांत वाईट, कारण ओल आतच कोंडते.

काम कुठे आणि कसं करायचं यावर मी आग्रही आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी वाहते आणि खोलगट जागी साचते. गॅरेजमधला खड्डा म्हणजे तिच्यासाठी तयार विहीर. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या खाली असतानाच ती पेटू शकते, आणि उणे ४० अंशांनाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणून पेट्रोलचं काम खड्ड्यात उतरून करू नये. गाडी उघड्यावर, स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकवर नव्हे. बॅटरीची तार आधी काढावी. टाकीतलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिला वेल्डिंग करून घ्यायचं असेल तर ज्याला ते काम येतं त्याच्याकडेच द्यावी. आसपास बिडी-सिगरेट, देव्हाऱ्यातलं निरांजन, चूल, सगळंच लांब. हाताशी कोरड्या पावडरचं अग्निशामक हवं. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते.

कामाचा हंगाम मिरगाच्या आधीचा. एप्रिल-मे मध्ये नळ्या बदलून झाल्या तर पावसाआधी महिनाभर गाडी चालवून जोड पारखता येतात. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर अर्धी भरलेली टाकी ठेवू नये. टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि प्रत्येक वेळी दमट हवा आत ओढते. इथेनॉल त्या हवेतलं पाणी शोषतं. पाण्याचं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं की अल्कोहोल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि नळीचं तोंड तर तळाशीच असतं. तेव्हा टाकी एक तर काठोकाठ भरावी, नाहीतर टाकी-नळी दोन्ही पूर्ण रिकामी करावी. मी रिकामी करण्याच्या बाजूचा आहे.

नव्या नळीची पहिली परीक्षा इंजिन सुरू न करता घ्यावी. थोडं पेट्रोल टाकीत घालून विजेचा पंप चालवावा किंवा एसी पंपाची हातानं हलवायची दांडी मारावी, आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद धरावा. पेट्रोलचा थेंब डोळ्याला दिसण्याआधी उडून जातो, पण कागदावर डाग पडतो. मग इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावं, बंद करावं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावं, कारण बंद केल्यावरच बॉनेटखालची उष्णता सर्वांत जास्त चढते. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळून घ्याव्यात. नवं रबर दबतं आणि क्लिप थोडी सैल पडतेच. त्यानंतरची पाहणी दसऱ्याला. खंडेनवमीला गाडी धुऊन पुसून पूजेला काढतातच, तेव्हा पावसाळ्यातली माती निघालेली असते आणि चासी स्वच्छ दिसते. त्या दिवशी दोन-चार क्लिपा सोडवून खाली पाहायला अर्धा तास पुरतो, आणि रबरी तुकडे दिसायला कसेही असले तरी पाच वर्षांनी बदलून टाकावेत.